लॅपटॉपऐवजी टॅबलेट : केळीच्या हिशोबातला वापरानंतरचा अनुभव

रावेर तालुक्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशोब, पत्रव्यवहार आणि सभांची इतिवृत्ते मी सांभाळते. सभासद बहुतेक सगळे केळी बागायतदार आहेत. केळीची एकत्रित विक्री आणि खते-औषधांचे विक्री केंद्र ही कंपनीची दोन मुख्य कामे. कामाचा जुना लॅपटॉप थकला तेव्हा गेल्या पावसाळ्यात, मृगबागेची (पावसाळ्यात लावल्या जाणाऱ्या केळीची) लागवड चालू असताना, त्याच्या जागी मी ११ इंची अँड्रॉइड टॅबलेट घेतला. त्यात सिम चालते, रॅम ८ जीबी आहे आणि साठवण १२८ जीबी. कीबोर्डचे कव्हर आणि पेन वेगळे घ्यावे लागले आणि सगळे मिळून खर्च साध्या लॅपटॉपच्या जवळपास गेला, म्हणून स्वस्तात काम होईल या अपेक्षेने कोणी टॅबलेटकडे वळू नये. तेव्हापासून कांदेबागेची (पावसाळ्यानंतरच्या केळीची) लागवड, मार्चअखेरची धावपळ आणि खान्देशचा मे महिना हे सगळे त्याच्यावर काढून झाले आहे. टॅबलेटची ताकद रोजच्या कामाला कमी पडत नाही, असे आता मी खात्रीने म्हणू शकते. काम अडते ते ज्यांच्याशी आपला व्यवहार असतो त्या जुन्या फाइली, जुने प्रिंटर आणि संगणक गृहीत धरून बांधलेल्या सरकारी व्यवस्था यांच्यापाशी.

त्याचा सर्वांत मोठा लाभ बागेत झाला. केळीची गाडी भरली जाते तेव्हा काट्यावर घडांची संख्या, वजन, वजावट आणि त्या दिवसाचा भाव एवढ्या नोंदी जागेवरच व्हाव्या लागतात. नवती (पहिल्या लागवडीचे पीक), पिलबाग (त्याच झाडांच्या पिलांपासून घेतलेले पीक) आणि वापसी (कमी प्रतीचा माल) यांचे भाव वेगवेगळे असल्याने कोणत्या बागेचा माल कोणत्या भावाने गेला, हेही त्याच वेळी लिहून ठेवावे लागते. लॅपटॉप होता तेव्हा हे सारे वहीत उतरवून संध्याकाळी पुन्हा भरावे लागे, आणि दोनदा लिहिताना आकडा बदलला की सभासदाशी बोलाचाली ठरलेली असे. आता गूगल शीट्समधल्या तक्त्यात काट्याजवळ उभ्या-उभ्याच नोंद होते. बागेत आत गेल्यावर नेटवर्क राहत नाही, पण तक्ता आधी ऑफलाइन उपलब्ध करून ठेवला असेल तर नोंद टॅबवर राहते आणि रस्त्यावर आल्यावर आपोआप वर चढते. काटापावतीचा फोटो काढला की कडा सरळ होऊन त्याची पीडीएफ तयार होते आणि ती त्याच ओळीला जोडता येते. सभासद शेतात असतानाच त्याच्या व्हॉट्सॲपवर त्याची पावती आणि हिशोब पोहोचतो. टॅबवर आपल्याच क्रमांकाचे व्हॉट्सॲप जोडलेले उपकरण म्हणून चालते, त्यामुळे दुसऱ्या क्रमांकाची गरज पडली नाही.

केळीच्या बागेत काम करणाऱ्यांना चीक ठाऊक असतो. कपड्यावर पडला की तो काळा पडतो आणि धुऊन जात नाही. चिकट बोटांनी काचेला हात लावला की आकडे चुकीचे उमटतात आणि काचेवरचा थर नुसत्या कापडाने निघत नाही. पेनाचा खरा उपयोग मला इथे कळला. हस्ताक्षरासाठी किंवा चित्रासाठी मी ते क्वचितच वापरते, पण बागेत नोंद करताना हात काचेपासून दूर ठेवण्यासाठी ते रोज लागते. काचेवर साधा स्क्रीन गार्ड लावून तो मळला की बदलणे परवडते. केळीच्या सावलीत पडदा नीट दिसतो, मात्र बांधावर उघड्या उन्हात प्रकाश पूर्ण वाढवूनही आकडे वाचता येत नाहीत आणि बॅटरी तेवढी लवकर उतरते.

खरेदीपूर्वी कुणी सांगत नाही अशी एक बाब म्हणजे जीपीएस. नुसत्या वायफायवर चालणाऱ्या अनेक टॅबलेटमध्ये जीपीएस नसते. आयपॅडच्याही वायफायपुरत्या आवृत्तीत ते नाही, सिमच्या आवृत्तीत आहे. २०२१पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीसारख्या (ॲपवरून आपल्या पिकाची सरकारदरबारी नोंद करण्याच्या) कामात गटातल्या जागेची नोंद आणि पिकाचा फोटो दोन्ही लागतात, तेव्हा शेतीच्या कामासाठी टॅब घेणाऱ्याने सिमची आवृत्तीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यामुळे फोनचा हॉटस्पॉट चालू ठेवण्याची कटकटही वाचते.

संचालकांच्या बैठकीतही फरक पडला. लॅपटॉप ज्याच्यासमोर असतो त्यालाच दिसतो, बाकीचे ऐकत बसतात. टॅब सतरंजीवर हातोहात फिरतो. आमच्या ज्येष्ठ संचालकांना, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, छापील ताळेबंदातले बारीक आकडे वाचता येत नव्हते, म्हणून ते शेजाऱ्याला वाचायला सांगत. मागच्या बैठकीत त्यांनी दोन बोटांनी तक्ता मोठा केला, खतांच्या शिल्लक साठ्याच्या ओळीवर बोट ठेवले आणि ‘हा आकडा गोदामाच्या रजिस्टरशी लावून पाहिला का?’ असे विचारले. प्रश्न योग्य होता आणि त्या ओळीची पडताळणी तिथेच झाली. आपल्या पैशाचा हिशोब सभासदाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता यावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि एवढ्या एका कारणासाठीही हा बदल मी पुन्हा केला असता.

आता कार्यालयीन कामाकडे येते. मायक्रोसॉफ्टची वर्ड आणि एक्सेल ही ॲप १०.१ इंच किंवा त्याहून लहान पडद्यावर साध्या संपादनासाठी विनामूल्य आहेत, पण पडदा त्याहून मोठा असेल तर फाइल नुसती पाहता येते आणि बदल करण्यासाठी वर्गणी भरावी लागते. ११ इंची टॅब घेणाऱ्याने ही वर्गणी किमतीत धरूनच हिशोब करावा, नाहीतर गूगलच्या विनामूल्य साधनांवर काम न्यावे. मी बहुतांश काम गूगल शीट्सवर नेले आहे. जिथे समोरच्याला एक्सेलचीच फाइल हवी असते तिथे त्या स्वरूपात उतरवून देते. मॅक्रो (फाइलीतच बसवलेले छोटे प्रोग्राम) असलेल्या फाइली मात्र टॅबवर उघडल्या तरी त्यातले मॅक्रो चालत नाहीत. बटण दाबून माहिती तपासून घेणारे जे एक्सेलचे तक्ते काही कार्यालयांकडून येतात, ते भरायला संगणकच लागतो.

टॅली हे हिशोबाचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते. कार्यालयातल्या संगणकावर ती ठेवून टॅबवरून दूरस्थ पद्धतीने उघडता येते आणि घरी बसून खतावणी (खातेवही) पाहायला ते पुरेसे आहे. नोंदी करायला मात्र ते सोयीचे नाही, कारण टॅलीत हात बसलेल्या माणसाची बोटे एफ५ देय, एफ६ जमा, एफ८ विक्री, एफ९ खरेदी अशी चालतात आणि माझ्या कीबोर्ड कव्हरवर एफची ओळच नाही. प्रत्येक नोंदीला पडद्यावर बोट न्यावे लागले की दहा मिनिटांचे काम अर्ध्या तासावर जाते. कव्हर निवडताना ही ओळ आहे की नाही हे हिशोबाचे काम करणाऱ्याने दुकानातच पाहून घ्यावे. शिवाय मागच्या आधारावर उभे राहणारे कव्हर मांडीवर किंवा खाटेवर स्थिर राहत नाही. सलग लिहायचे असेल तर टेबल हवेच.

मराठी लेखनाचा अनुभव दुहेरी आहे. गूगलचे मराठी बोलून लेखन २०१७पासून उपलब्ध आहे आणि ते आता इतके सुधारले आहे की बैठकीनंतर इतिवृत्ताचा पहिला मसुदा मी बोलूनच तयार करते. ठरावांची ठरीव भाषा, तारखा, रकमा ते बऱ्यापैकी नीट उतरवते. आमच्या भागातले शब्द आणि बागेतली भाषा त्याला पेलत नाही. ‘निसवण’ (केळीचा घड बाहेर पडणे) हा शब्द त्याने आजवर दर वेळी वेगळाच काहीतरी लिहिला आहे, आणि पिलबागेचे तर ते दोन तुकडे करते. विरामचिन्हे हाताने घालावी लागतात. तरीही पूर्ण मजकूर टंकित करण्यापेक्षा बोलून घेऊन मग सुधारणे मला निश्चितच जलद पडते.

खरी अडचण जुन्या मराठी फाइलींची आहे. कंपनीच्या सुरुवातीच्या काळातली इतिवृत्ते आणि करारनामे युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये आहेत. कृतीदेव, श्रीलिपी अशा जुन्या व्यवस्थांमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठी आकार बसवलेले असत. संगणकावर तो फाँट असेपर्यंत सगळे मराठी दिसते, टॅबवर फाँट नसल्याने त्याच फाइलीत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा गुंता दिसतो. मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आहेत, पण जोडाक्षरे आणि रफार यांत ती चुकतात, त्यामुळे प्रत्येक पान मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावे लागते. मी हे रूपांतर थोडे थोडे करते आहे आणि ज्यांच्याकडे अशा फाइली आहेत त्यांनी टॅबचा विचार नसला तरी हे काम हाती घ्यावे, कारण तो फाँट असलेला शेवटचा संगणक बंद पडला की संस्थेचे कागद असूनही शोधता येणार नाहीत.

डिजिटल सहीपाशी टॅब पूर्णपणे थांबतो. ताज्या केळीवर जीएसटी नाही, परंतु खतांवर आहे, त्यामुळे आमच्या कंपनीला विवरणपत्रे भरावीच लागतात. एकट्या मालकीच्या दुकानदाराला मोबाइलवर आलेल्या ओटीपीने विवरणपत्र दाखल करता येते, म्हणजे त्याचे काम टॅबवर होऊ शकते. कंपनीला मात्र डिजिटल सही लागते. ती सही पेनड्राइव्हसारख्या यूएसबी टोकनमध्ये असते आणि तिच्यासाठी टोकनचा ड्रायव्हर व सही करणारे सॉफ्टवेअर संगणकावर बसवलेले असावे लागते. कंपनी कायद्याखालचे वार्षिक अर्ज आणि ई-निविदा यांचेही तेच आहे. टॅबला टोकन लावायचे जोडणीचे साधन मिळते, पण त्याने सही होत नाही. माहिती भरणे, तपासणे, बिले जुळवणे हे सगळे टॅबवर करून शेवटची सही कार्यालयातल्या संगणकावर करायची, अशी विभागणी आम्ही केली आहे. डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा १५ रुपये भरून उतरवून घेणे, भाव पाहणे, बँकेचे व्यवहार, फळपीक विम्याची माहिती काढणे ही कामे टॅबच्या ब्राउझरमध्ये बिनतक्रार होतात. एखादे संकेतस्थळ मोबाइलचे पान दाखवू लागले तर डेस्कटॉप पानाचा पर्याय निवडावा. छपाईला वायफाय असलेला प्रिंटर हवा. आमचा केबलचा जुना प्रिंटर टॅबने ओळखला नाही, म्हणून छापायच्या फाइली संगणकाकडेच जातात.

उन्हाळ्याबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्याकडे ही बाब निर्णायक ठरते. मे महिन्यात जळगाव, भुसावळ, रावेरकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. ॲपलने आयपॅडच्या वापरासाठी भोवतालच्या तापमानाची कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आणि नुसता बंद ठेवण्यासाठी ४५ अंश दिली आहे, म्हणजे आपल्या दुपारी ही उपकरणे त्यांच्या मर्यादेबाहेरच असतात. टॅबलेटमध्ये पंखा नसतो आणि आतली उष्णता पाठीतून बाहेर पडते. पाठीवर जाड कव्हर असले तर तीही वाट बंद होते. मग प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, पडद्याचा प्रकाश आपोआप उतरतो आणि चार्जिंग मंदावते किंवा थांबते. माझ्याकडे हे तिन्ही घडले, आणि तो बिघाड नव्हे, बॅटरी वाचवण्याची योजना आहे, हे समजून घेतले की घबराट होत नाही. एप्रिलपासून मी चार्जिंग पहाटे करते, दुपारी कव्हर काढून ठेवते आणि मोटारीत टॅब कधीही सोडत नाही. कूलरच्या थेट झोतात दमट हवा लागते, म्हणून तिथेही ठेवत नाही. आमच्या घराचा जुना भाग धाब्याचा, म्हणजे मातीच्या छताचा आहे. स्लॅबच्या खोलीत टॅब दुपारी अडखळतो, तर धाब्याच्या खोलीत तेच काम सुरळीत होते, म्हणून मे-जूनमध्ये हिशोबाची बैठक तिथेच असते.

लाइट गेली तरी टॅबचे काम चालू राहते, ही लॅपटॉपपेक्षा मोठी सोय आहे. हिवाळ्यात दिवसभराच्या कामाला एक चार्ज पुरतो, उन्हाळ्यात संध्याकाळी पॉवर बँक लावावी लागते, आणि ती फोनचीच चालते. दुरुस्तीच्या बाबतीत मात्र लॅपटॉप उजवा आहे. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये जुन्या लॅपटॉपला रॅम, एसएसडी किंवा बॅटरी बदलून मिळते. टॅबची रॅम आणि साठवण वाढवता येत नाही, बॅटरी चिकटवलेली असते आणि काच फुटली तर खर्च मोठा येतो. म्हणून साठवण सुरुवातीलाच १२८ जीबीपेक्षा कमी घेऊ नये, आणि टॅब बनवणारी कंपनी त्या मॉडेलला किती वर्षे सुरक्षा अद्यतने देणार आहे हे विचारूनच पैसे द्यावेत.

माझ्यापुरती व्यवस्था आता ठरली आहे. नवा लॅपटॉप घेतला नाही. कंपनीच्या कार्यालयात एक जुना डेस्कटॉप टॅली, डिजिटल सही, प्रिंटर आणि जुन्या फाँटच्या फाइली यांसाठी ठेवला आहे, बाकी सर्व टॅबवर होते. टॅब घेऊ पाहणाऱ्या आमच्या सभासदांना मी एवढेच सांगते की रोज लागणाऱ्या तीन-चार फाइली फोनवर घेऊन दुकानात जा, तिथल्या नमुन्याच्या टॅबवर त्या उघडा, त्यात एखादा आकडा बदलून जतन करून पाहा, आणि कीबोर्ड कव्हर लावून त्यावर एक परिच्छेद मराठीत लिहून बघा.