नथीऐवजी मोती: रिबका आणि एस्तेर यांच्या हाताने रंगवलेल्या प्रतिकृती

मिलानच्या ब्रेरा चित्रसंग्रहालयात जोव्हान्नी बात्तिस्ता पियाझेत्ता या व्हेनिसच्या चित्रकाराचे ‘विहिरीवरची रिबका’ हे सुमारे १७४० सालचे तैलचित्र आहे. त्याची आणि ज्याँ-फ्रान्स्वा द त्रॉय या फ्रेंच चित्रकाराच्या ‘एस्तेरची मूर्च्छा’ या चित्राची, अशा दोन हाताने रंगवलेल्या प्रतिकृती मी गेल्या वर्षी एका परदेशी चित्रशाळेकडून मागवल्या. दोन्हींचे मिळून, चौकटीशिवाय, ३८,००० रुपये पडले. बायबलमधील नायिका रंगवणारी रोकोको (अठराव्या शतकातील नाजूक, सजावटी शैलीची) चित्रे घरात लावण्याची इच्छा असणाऱ्यांस या व्यवहाराचा तपशील उपयोगी पडेल, म्हणून तो सविस्तर देत आहे.

पहिली अडचण मापाची होती. मूळ रिबका १०२ × १३७ सेंटिमीटर आहे; चित्रशाळेच्या यादीत मात्र ६० × ९० हे तयार माप होते. ९० सेंटिमीटर रुंदीला या चित्राची उंची ६७ सेंटिमीटर येते, म्हणजे वरखालची मिळून सात सेंटिमीटरची पट्टी कोणालाही न विचारता कापली गेली असती. पियाझेत्ताने माणसे आणि जनावरे इतकी दाटीने बसवली आहेत की कडेची बोटभर जागाही रिकामी नाही. मी पत्र लिहून मूळ प्रमाण राखण्याचा आग्रह धरला, तो त्यांनी जादा पैसे न घेता मान्य केला. पण विचारले नसते तर सांगितलेही नसते. (कापाकापी केवळ नकलांच्याच वाट्याला येते असे नाही. एडिंबरा येथील, व्हेनिसच्याच तिएपोलो या चित्रकाराच्या ‘मोशेचा शोध’ या चित्राची उजवी बाजू पुढे कापून वेगळी करण्यात आली आणि तिच्यावरचा भालदार आता तुरीनमध्ये एकटा उभा आहे.)

चित्रे खरोखर हाताने रंगवली आहेत का, हे मी आल्याबरोबर तपासले. छापील कॅनव्हासवर पारदर्शक जेलचे फटकारे मारून तैलचित्राचा भास निर्माण करण्याचा उद्योग बराच चालतो. भिंग लावल्यास छपाईचे ठिपके दिसतात, आणि दिव्याचा तिरपा प्रकाश टाकल्यास जेलचे उंचवटे खालच्या रंगाशी जुळत नसल्याचे लक्षात येते. या दोन्ही चित्रांत तसे काही आढळले नाही. रंगाचा थर जिथे जाड हवा तिथे जाड होता, नळकांडे उघडताच जवसाच्या तेलाचा वास आला आणि कॅनव्हास रंगीत बाजू बाहेर ठेवून गुंडाळलेला होता. थराला भेगा पडू नयेत म्हणून तो तसाच गुंडाळायचा असतो.

आता खुद्द रिबकेविषयी. बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात अब्राहामाचा सेवक इसहाकासाठी वधू शोधत विहिरीपाशी येतो. त्याच्या उंटांनाही पाणी पाजणाऱ्या रिबकेला तो अर्धा शेकेल वजनाची सोन्याची नथ आणि हातांसाठी दोन बांगड्या देतो. या अध्यायात सेवकाला नावही नाही. एलियेजर हे नाव परंपरेने त्याला चिकटवले आहे. पियाझेत्ताने नथीऐवजी मोत्यांची माळ दाखवली. मराठी वाचकाला ही अदलाबदल थोडी चुटपुट लावणारी आहे, कारण नथीचा अर्थ आपल्याला टीप न वाचता कळला असता. पण चित्राचा जीव दागिन्यात नाही, तो रिबकेच्या बिचकण्यात आहे. परका पुरुष अंगावर आल्यासारखा पुढे झुकतो, ती मागे रेलते, आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य, संकोच आणि किंचित लोभही एकाच वेळी उमटतो.

नेमके हेच प्रतिकृतीत हरवले. रवानगीपूर्वी पाठवलेल्या छायाचित्रात रिबका ओठ मिटून गोड हसत होती, डोळे मुळापेक्षा मोठे झाले होते आणि एकूण रूप जुन्या दिनदर्शिकेवरील सुंदरीचे होते. नक्कल करणाऱ्याचा हात सवयीने चेहरा सुंदर करतो. त्याला ती सुधारणा वाटते. मी हरकत घेतल्यावर चेहरा पुन्हा रंगवण्यात आला. तोंड उघडले, नजरही बरीचशी जागेवर आली, परंतु खालचा थर पुरता वाळण्यापूर्वी वर रंग चढवल्यामुळे हनुवटीपाशी त्वचेचा रंग मळकट झाला. मोत्यांचेही तसेच. पियाझेत्ता मोती आखत बसत नाही, ओल्या रंगावर उजेडाचा एक ठिपका ठेवून पुढे जातो. इथे प्रत्येक मोती काळजीपूर्वक गोल काढला आहे आणि प्रत्येकावर एकाच जागी एकसारखी चकाकी आहे. याउलट वस्त्रे अप्रतिम उतरली आहेत, आणि पार्श्वभूमीचा उबदार तपकिरी रंग पाहून तर मी दिलेले पैसे बरेचसे वसूल झाले असे वाटले.

एस्तेरबद्दल तक्रारीला जागा कमी आहे. त्रॉयची सात दृश्यांची एस्तेर-मालिका मुळातच गोबलां या पॅरिसमधील भित्तिपटांच्या कारखान्यातील विणकरांसाठी केली होती. दुसऱ्या हातांनी दुसऱ्या माध्यमात पुन्हा पुन्हा उतरवण्यासाठीच जी चित्रे जन्मली, त्यांत आकृत्या ठळक असतात, हावभाव दुरूनही कळतात आणि वस्त्रांच्या घड्या मोजून घेता येतात. साहजिकच नक्कल करणाऱ्यालाही ती अधिक मानवतात. बोलावणे नसताना राजापुढे जाऊन भीतीने सिंहासनासमोर कोसळणारी राणी, तिला सावरणाऱ्या दासी, तिच्याकडे झेपावणारा राजा हे सारे ठाकठीक आहे. घरी आलेल्या एका ख्रिस्ती मैत्रिणीने मात्र चित्र पाहताच सांगितले की तिच्या मराठी बायबलात एस्तेर मूर्च्छित होतच नाही. राजा राजदंड पुढे करतो आणि ती त्याला स्पर्श करते. तिचे बरोबर आहे. मूर्च्छेचा प्रसंग एस्तेरच्या पुस्तकाच्या ग्रीक पाठातील भर आहे; ती कॅथलिक बायबलात असते, प्रॉटेस्टंट बायबलात नसते, आणि कॅथलिक फ्रान्समधील चित्रकाराने तो घेतला यात नवल नाही.

एकच चित्र घ्यायचे असेल तर त्रॉयसारख्या स्पष्ट रेषेच्या चित्रकाराचे घ्यावे, मापाचे प्रमाण स्वतः काढून लेखी कळवावे आणि रवानगीपूर्वीच्या छायाचित्रात सर्वप्रथम चेहरा व हात पाहावेत. तैलरंग आतून वाळायला सहा महिने ते वर्षभर लागते, म्हणून वॉर्निश लगेच लावून मागू नये. चित्रशाळेने तसा आग्रह केला नाही, ही गोष्ट तिच्या बाजूने नोंदवायला हवी. पुण्याच्या पावसाळ्यात कॅनव्हास किंचित सैलावला, तो चौकटवाल्याने मागील पाचरी ठोकून पुन्हा ताणून दिला. एस्तेर बैठकीत लावली आहे. रिबका जिन्याच्या वळणावर आहे. तिथे उजेड समोरून येतो आणि हनुवटीचा मळकटपणा फारसा दिसत नाही.