अर्धवट कोड बाजूला ठेवायचाय: स्टॅश, तात्पुरता कमिट की वर्कट्री?

ऐन मे महिन्यात, हापूसच्या ऑर्डरी जोरात असताना, देवगडच्या बागायतदाराचा फोन येतो: पाच डझनाच्या पेटीचं बिल चार डझनाच्या भावानं निघतंय, आत्ताच्या आत्ता बघा. तुमच्या स्क्रीनवर मात्र त्याच अ‍ॅपचा वाहतूक खर्चाचा भाग अर्धा लिहून पडलाय. तो चालत नाही आणि टाकूनही देता येत नाही. अशा वेळी बहुतेकजण सवयीनं गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) उघडून स्टॅश मारतात, म्हणजे अर्धे बदल तात्पुरते बाजूला ठेवतात. माझ्या मते त्याआधी एवढंच ठरवावं: या कामाकडे परत कधी येणार, आणि याच लॅपटॉपवर येणार का?

तासाभरात, याच लॅपटॉपवर येणार असाल तर स्टॅशच घ्या. एका कमांडमध्ये बदल बाजूला होतात, मेन ब्रँचवर, म्हणजे ग्राहकाकडे जाणाऱ्या कोडच्या मूळ शाखेवर, जाऊन भाव दुरुस्त करता येतो, आणि परत आल्यावर 'गिट स्टॅश पॉप' म्हटलं की काम होतं तिथून सुरू. पण यात एक मेख आहे. कधीच अ‍ॅड न केलेल्या, म्हणजे गिटला अजून माहीतच नसलेल्या, नव्या फाइली साधा स्टॅश उचलत नाही. बिलाच्या जुन्या फाइलीत बदल केलेत आणि वाहतुकीसाठी नवी फाइल काढलीत, तर जुनीतले बदल आत जातात आणि नवी तिथेच उघडी राहते. मग मेनवर घाईघाईत सगळंच अ‍ॅड केलंत, की ती अर्धवट फाइल भावाच्या दुरुस्तीबरोबर थेट ग्राहकापर्यंत पोचते. म्हणून 'गिट स्टॅश पुश -यू -एम "वाहतूक खर्च अर्धा"' असं पूर्ण लिहायची सवय लावा. -यू मुळे नव्या फाइलीही जातात, -एम मुळे नाव देता येतं. बिननावाचे चार स्टॅश साठले की कुठला कशाचा ते कळेनासं होतं.

पॉप करताना कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे तुमचे बदल आणि तिथला कोड एकाच जागी भिडले, तर घाबरू नका, स्टॅश यादीतून जात नाही. कॉन्फ्लिक्ट सोडवून झाला की तो 'ड्रॉप' करून आपणच काढायचा.

काम उद्यावर जाणार असेल तर मात्र मी स्टॅशवर विसंबत नाही. तो फक्त तुमच्या डिस्कवर असतो, नेहमीचा पुश त्याला सर्व्हरवर नेत नाही. आपल्या किनाऱ्यावर ही बाब फार मोठी आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगडच्या गावांत कित्येक दिवस लाईट नव्हती. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घरादुकानांत शिरलं. लॅपटॉपच भिजला, किंवा लाईट असलेल्या गावी जाऊन दुसऱ्याच्या मशीनवर बसावं लागलं, तर स्टॅश हाती लागत नाही. पुश केलेला कमिट, म्हणजे गिटमध्ये नोंदवून सर्व्हरवर पाठवलेले बदल, हाती लागतात.

त्यासाठी स्वतःच्या ब्रँचवर सगळं अ‍ॅड करा, 'अर्धवट' असं स्पष्ट लिहून कमिट करा आणि पुश करा. रेंज नसली तरी कमिट होतोच, पुश रेंज आल्यावर करता येतो. परत बसलात की 'गिट रिसेट --सॉफ्ट हेड~१' म्हणा, कमिट सुटतो आणि बदल जसेच्या तसे स्टेजमध्ये, म्हणजे पुढच्या कमिटसाठी निवडलेले, मिळतात. त्यानंतरचा पुश जबरदस्तीनं करावा लागतो, म्हणून ब्रँच फक्त तुमचीच हवी, आणि तिथेही '--फोर्स-विथ-लीज' वापरा, म्हणजे सर्व्हरवर तुम्ही न पाहिलेलं काम आलं असेल तर पुश अडतो. कमिटआधी पासवर्ड किंवा एपीआय की राहिली नाही ना, हे डोळ्यांनी तपासा. एकदा सर्व्हरवर गेलेलं गुपित रिसेट करून परत येत नाही, ते बदलावंच लागतं. प्री-कमिट हुक, म्हणजे कमिटआधी आपोआप चालणारी तपासणी, अर्धवट कोड अडवत असेल तर '--नो-व्हेरिफाय' इथे चालेल, एरवी नको.

तिसरा मार्ग वर्कट्री, म्हणजे त्याच प्रोजेक्टचं दुसरं कामाचं फोल्डर. ती गिटमध्ये २०१५ साली, २.५ आवृत्तीपासून आली. 'गिट वर्कट्री अ‍ॅड ../तातडी मेन' म्हटलं की शेजारच्या फोल्डरमध्ये मेन ब्रँच उघडते आणि तुमच्या अर्ध्या कामाला हातही लागत नाही. सहकाऱ्याचा कोड दोन-तीन दिवस तपासायचाय, किंवा दोन्हीकडे आलटून पालटून बसायचंय, तर हाच मार्ग बरा. पाच मिनिटांच्या दुरुस्तीसाठी मात्र तो जड जातो, कारण गिटमध्ये नसलेल्या गोष्टी, म्हणजे नोड मॉड्यूल्स (नेटवरून उतरवलेली तयार पॅकेजेस), सेटिंगची फाइल, नव्या फोल्डरमध्ये पुन्हा उभ्या कराव्या लागतात. मोबाईल डेटावर काम करणाऱ्यानं हे धरून चालावं. एकच ब्रँच दोन फोल्डरांत उघडायला गिट नकार देतं. काम झालं की फोल्डर 'गिट वर्कट्री रिमूव्ह'नंच काढा. हातानं डिलीट केलंत तर 'गिट वर्कट्री प्रून' चालवा, नाहीतर ती ब्रँच अजून वापरात आहे असंच गिट धरून बसतं.