वजन-आकाराच्या इंग्रजी शब्दांसाठी एक शब्दभेद-कोश: सहा महिन्यांच्या वापरानंतर

अनुवादाच्या कामासाठी गेले सहा महिने मी मोबाईलवरचा एक इंग्रजी शब्दभेद-कोश वापरतो आहे. साध्या शब्दकोशात 'बिग' आणि 'लार्ज' या दोहोंपुढे 'मोठा' एवढेच सापडते. हा कोश मात्र संख्या आणि प्रमाण यांच्याशी लार्ज, तर चूक, निर्णय किंवा थोरला भाऊ यांच्याशी बिग कसा जुळतो, हे वाक्यांसकट दाखवतो. मला त्याचे मोल याचसाठी वाटते.

वजनाच्या शब्दांचा विभाग सर्वांत चांगला उतरला आहे. 'बल्की' म्हणजे जागा अडवणारे, हाताळायला अडचणीचे. ते जड असेलच असे नाही. फोमची गुंडाळलेली गादी एकटा माणूस सहज उचलतो, पण दारातून आत नेताना ती चौकटीत अडकते. ती बल्की, हेवी नव्हे. उलट शिशाची घनता पाण्याच्या 11 पटींहून अधिक असल्यामुळे त्याचा मुठीएवढा गोळाही हेवी असतो, मात्र बल्की नसतो. 'हेफ्टी' या शब्दात आकार आणि वजन दोन्ही येतात, आणि जबर दंडालाही तोच लावतात. 'वेटी' बहुतेक वेळा प्रश्न किंवा युक्तिवाद यांच्यासाठी येतो. आपला 'वजनदार' माणसालाही लागतो, हा फरक कोशाने नेमका टिपला आहे.

माणसांच्या वर्णनात मात्र कोश कमी पडतो. स्लिम, स्लेंडर, थिन आणि स्किनी या चौघांना त्याने एकाच ओळीत 'बारीक' म्हणून बसवले आहे. त्यावर विसंबून मी एका परिचितांच्या मुलीबद्दल पत्रात 'स्किनी' लिहिले. मला म्हणायचे होते शिडशिडीत, आणि तिच्या आईने वाचले हडकुळी. त्यांचे दुखावणे रास्तच होते, आणि मला त्याची आजही खंत वाटते. 'ओबीस' हा शब्दही 'प्लंप' आणि 'स्टाउट' यांच्या पंगतीत ठेवला आहे, हे तर अधिकच गंभीर आहे, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार प्रौढांमध्ये बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) 25 किंवा अधिक असल्यास ओव्हरवेट आणि 30 किंवा अधिक असल्यास ओबीस म्हणतात. गुबगुबीत या अर्थाच्या 'प्लंप'ला असे कोणतेही माप नाही. वैद्यकीय मजकुरात हे शब्द एकमेकांच्या जागी आले, तर वाचकाची दिशाभूल होईल.

वस्तूंच्या वर्णनासाठी मी हा कोश रोज उघडतो. माणसांच्या वर्णनासाठी, या नोंदी सुधारेपर्यंत, दुसरा कोश शेजारी ठेवतो.