गुडघ्याच्या लिगामेंटसाठी ‘स्टेम सेल’ उपचार : पुण्यातील एका केंद्राचा अनुभव

पुण्यातील ज्या खासगी केंद्रात माझ्या भाचीच्या गुडघ्यावर ‘स्टेम सेल’ उपचार झाले, तेथील डॉक्टरांच्या हाताला, स्वच्छतेला आणि विशेषतः फिजिओथेरपी विभागाला मी चांगले गुण देईन; ज्या इंजेक्शनसाठी तेथे मुख्यतः पैसे मोजावे लागतात, त्याविषयी मात्र मला तसे म्हणता येत नाही. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण हाच उपचार जवळपास याच शब्दांत विकणारी केंद्रे इतर शहरांतही आहेत आणि पुढे लिहिलेले बरेचसे त्यांनाही लागू पडेल.

भाची महाविद्यालयाच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्यावर खेळते. पकड करताना पाय मॅटवर रोवलेला राहिला आणि शरीर फिरले, तेव्हा गुडघ्याच्या आतले एसीएल, म्हणजे मांडीचे हाड आणि नडगी यांना तिरके बांधणारे लिगामेंट, अर्धवट फाटले. सांगलीच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी गुडघा हाताने ओढून पाहिला, तो थोडा सैल असला तरी शेवटी अडतो आहे हे दाखवले, आणि आधी तीन महिने व्यायाम करा, मग शस्त्रक्रियेचे बघू, असे सांगितले. परंतु संघाच्या प्रशिक्षकांनी पुण्यातील या केंद्राचे नाव सुचवले होते आणि शस्त्रक्रिया टळेल या आशेने ताईने होकार दिला. फाइल सांभाळणे आणि प्रश्न विचारणे एवढे काम माझ्याकडे आले.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी दिलेली माहिती बरोबर होती. गुडघ्याच्या आतील बाजूचे लिगामेंट बहुधा आपोआप जुळून येते, पण एसीएल सांध्यातील द्रवात बुडालेले असल्यामुळे फाटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही आणि नव्या ऊतींना धरायला आधार मिळत नाही. म्हणूनच ते पूर्ण तुटल्यास ते शिवण्याऐवजी हॅमस्ट्रिंगची (मांडीमागच्या स्नायूची) किंवा गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा, म्हणजे स्नायू वा हाडाला जोडलेला दोरीसारखा पट्टा, घेऊन दुर्बिणीतून नवे लिगामेंट बसवण्याची पद्धत रूढ झाली. स्वतःच्या अस्थिमज्जेतील पेशी फाटलेल्या जागी सोडल्या तर त्या भरून येण्यास मदत करतील, ही कल्पना या अडचणीवरच उभी आहे आणि कल्पना म्हणून ती टाकाऊ नाही.

प्रत्यक्ष प्रक्रिया सफाईने झाली. भाचीला पालथे झोपवून कंबरेच्या हाडावरची जागा बधिर करण्यात आली आणि जाड सुईने मज्जा काढण्यात आली. एकाच ठिकाणाहून भरपूर ओढल्यास मज्जेऐवजी साधे रक्तच जास्त येते, म्हणून डॉक्टरांनी सुईची दिशा बदलत थोडे थोडे ओढले. अनेक ठिकाणी ही काळजी घेतली जात नाही, असे सांगलीच्या डॉक्टरांनी नंतर सांगितले. काढलेली मज्जा काचेपलीकडच्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तिचा थोडासा गडद लाल भाग वेगळा केला गेला आणि सी-आर्म या फिरत्या क्ष-किरण यंत्राखाली सुईचे टोक पाहत तो थेट लिगामेंटमध्ये सोडला गेला. बाहेर आल्यावर भाची म्हणाली, “मामा, गुडघ्याचं काहीच वाटलं नाही, पण कंबरेतून ओढताना आतून कुणीतरी खेचतंय असं वाटलं.” त्या दिवशी संध्याकाळीच आम्ही घरी निघालो. कंबरेचे दुखणे आठवडाभर राहिले आणि जंतुसंसर्ग किंवा सूज असा कोणताही त्रास झाला नाही.

खरा आक्षेप त्या सिरिंजमध्ये काय होते, याविषयी आहे. माहितीपत्रकावर ‘लाखो स्टेम सेल’ असे छापलेले आहे. मज्जेतील केंद्रकयुक्त पेशींमध्ये ज्यांना मेसेन्कायमल मूलपेशी (स्टेम सेल) म्हणतात त्यांचे प्रमाण साधारण दहा हजारांत एक ते लाखात एक इतके अल्प असते, आणि सेंट्रिफ्यूज पेशी एकवटतो, वाढवत नाही. या पेशींना १९९१ मध्ये हे नाव देणारे अर्नॉल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये ते बदलावे असे लिहिले. या पेशी स्वतः नवी ऊती होण्यापेक्षा आजूबाजूच्या पेशींना संदेश देण्याचे काम करतात, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा ‘नवे लिगामेंट उगवते’ हे स्वागतकक्षातील पडद्यावर सतत फिरणारे वाक्य काढून टाकले पाहिजे.

त्याच पडद्यावर ‘भारत सरकारची मान्यता’ असेही दिसते. मान्यता आहे, पण दुसऱ्याच गोष्टीला. बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स कंपनीच्या, दात्याच्या मज्जेतून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या उत्पादनाला २०२२ मध्ये औषध महानियंत्रकांनी गुडघ्याच्या संधिवातासाठी परवानगी दिली. तिचा फाटलेल्या लिगामेंटशी किंवा या केंद्रातील सेंट्रिफ्यूजशी संबंध नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे तर रक्ताच्या आजारांतील प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा वापर नोंदणीकृत चाचणीच्या चौकटीतच ठेवतात. मी चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतला, क्रमांक मागितला, तेव्हा ‘ही चाचणी नाही, उपचार आहे’ असे उत्तर मिळाले. संमतिपत्र केवळ इंग्रजीत होते. ताईसाठी ते मला ओळ न् ओळ समजावून सांगावे लागले, आणि त्यात ‘परिणामाची हमी नाही’ हे वाक्य शेवटच्या पानावर होते.

खर्च एक लाख चाळीस हजार रुपये आला आणि विमा कंपनीने दावा फेटाळला. विमा नियामकाच्या आधुनिक उपचारांच्या यादीत ‘स्टेम सेल थेरपी’ हे शब्द आहेत खरे, पण ते रक्ताच्या आजारांसाठीच्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटपुरतेच. ही गोष्ट बिलिंगच्या खिडकीवर आधी सांगायला काहीच हरकत नव्हती.

फिजिओथेरपी विभागाबद्दल मात्र मोकळेपणाने लिहिता येते. तेथील मॅडमनी पहिल्याच दिवशी दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजून दुखऱ्या बाजूचा स्नायू किती उतरला आहे ते दाखवले, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळण्यापासून सुरुवात केली आणि पुढे एका पायावरची बैठक, उडी मारून स्थिर उतरणे, दिशा बदलत धावणे असा क्रम आखला. एका पायावरच्या उडीत दुखरा पाय चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के अंतर गाठेपर्यंत मॅटवर पाऊल ठेवायचे नाही, हा त्यांचा नियम प्रशिक्षकांच्या फोननंतरही ढळला नाही. या सगळ्याचे वेगळे शुल्क एकूण बिलाच्या मानाने किरकोळ होते.

सहा महिन्यांनंतरच्या एमआरआयमध्ये लिगामेंटचे तंतू सलग दिसले. केंद्राने लगेच भाचीला कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोलण्याची विनंती केली. ती तिने नाकारली आणि तिचे बरोबरच होते. स्वीडनमध्ये एसीएल तुटलेल्या १२१ तरुण रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाची शस्त्रक्रिया लगेच झाली, तर दुसऱ्या गटाला आधी व्यायाम देऊन गरज पडल्यासच शस्त्रक्रिया देण्यात आली. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत लक्षणीय फरक नव्हता. पुढे त्याच रुग्णांचे एमआरआय पुन्हा तपासले, तेव्हा ज्यांनी शेवटपर्यंत शस्त्रक्रिया केली नव्हती अशांपैकी सुमारे निम्म्यांचे लिगामेंट जुळून आल्याची चिन्हे दिसली, तीही कोणत्याही पेशी न टोचता. याउलट, मज्जेच्या इंजेक्शनच्या समर्थनार्थ केंद्राने आम्हाला दिलेला कोलोरॅडोतील २०१५ चा अभ्यास अवघ्या दहा रुग्णांचा होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि तो लिहिणारे डॉक्टर स्वतःच हा उपचार देत होते. भाचीचा गुडघा इंजेक्शनमुळे सुधारला की टॉवेलच्या गुंडाळीमुळे, हे तिच्या एमआरआयवरून कोणीही ठरवू शकत नाही; केंद्र मात्र ते ठरवून मोकळे झाले आहे.

लिगामेंट अर्धवट फाटलेल्या खेळाडूला मी या केंद्रात व्यायामासाठी जरूर पाठवीन आणि इंजेक्शन सध्या घेऊ नका असे सांगेन. पूर्ण तुटलेल्या आणि चालताना गुडघा निसटणाऱ्या रुग्णाने येथे वेळ न घालवता गुडघ्याच्या शल्यचिकित्सकाकडे जावे, कारण निसटत्या गुडघ्यात गादीला इजा होण्याचा धोका वाढत जातो. भाची आता सरावात चढाया करते, पकडीची परवानगी अजून मिळालेली नाही. केंद्राने ‘परिणाम पक्का करण्यासाठी’ दुसरे इंजेक्शन सवलतीच्या दरात सुचवले होते. ते आम्ही घेतले नाही. फिजिओथेरपीची पुढील तीन महिन्यांची नोंदणी तेवढी केली.