पर्यवेक्षकांचे ऑनलाइन पोर्टल: हिवाळा आणि पावसाळा वापरून झाल्यावर

प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या आंतरवासिता डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना महाविद्यालयाने दिलेल्या पोर्टलविषयी हे लिहीत आहे. लॉगबुक, व्हिडिओ आणि प्राध्यापकांना प्रश्न विचारण्याची सोय सर्वांना परिचित आहे, म्हणून थेट ओटीपीकडे वळतो.

पोर्टल उघडताना लागणारा ओटीपी येतो फक्त मोबाइलवर. आमच्याकडे मोबाइलला रेंज मिळते ती गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी, आणि इंटरनेट चालते ते खाली कार्यालयातल्या संगणकावर. जिना उतरून आकडे टाकेपर्यंत त्यांची मुदत संपलेली असते. अखेर मोबाइल घेऊन शिपायाला वर पाठवावे लागते आणि तो वरून आकडे ओरडून सांगतो. सुरक्षेसाठी असलेला हा गुप्त क्रमांक ओपीडीच्या रांगेतील प्रत्येक रुग्णाला ऐकू जातो, हे हेल्पडेस्कला सविस्तर कळवले, ओटीपी ईमेलवर पाठवण्याची विनंतीही केली. उत्तर आले, 'ब्राउझरची कॅशे साफ करा.' पावसाळ्यात वीज गेली की अर्धवट भरलेले लॉगबुक नाहीसे होते आणि पुन्हा गच्ची गाठावी लागते.

एवढ्यावर हे पोर्टल निरुपयोगी ठरवून मोकळा झालो असतो. पण त्यातील 'वन मिनिट प्रिसेप्टर' या रुग्ण तपासता तपासता थोडक्यात शिकवण्याच्या पद्धतीवरील एकपानी टिपणाने माझे मत बरेच बदलले. कम्युनिटी मेडिसिनच्या 12 आठवड्यांसाठी विद्यार्थी आमच्याकडे पाठवले जातात, मात्र भरल्या ओपीडीत शिकवायचे कसे हे आम्हाला कोणीच शिकवलेले नसते. ही पद्धत 1992 पासूनची आहे आणि साधी आहे: आधी विद्यार्थ्याला स्वतःचे निदान सांगू द्यावे, मग ते कशावरून केले हे विचारावे, एक सर्वसाधारण नियम सांगावा, बरोबर काय केले तेही सांगावे आणि चूक सुधारावी. सात महिन्यांच्या बाळाला पाहून एका विद्यार्थिनीने 'न्यूमोनिया असावा' असे म्हटल्यावर मी फक्त 'कशावरून?' एवढेच विचारले. तिने बाळाला आईच्या मांडीवर शांत होऊ दिले, पोटाच्या हालचालीकडे पाहत पूर्ण मिनिटभर श्वास मोजले आणि दोन ते बारा महिन्यांच्या बाळासाठी मिनिटाला 50 ही जलद श्वासाची मर्यादा स्वतःच सांगितली. एरवी मी औषध लिहून पुढच्या रुग्णाला हाक मारली असती.

प्राध्यापकांची उत्तरे उशिरा येतात, पण नेमकी असतात. व्हिडिओ मात्र पाहू नयेत. डेटा आपल्या रिचार्जमधून जातो आणि मजकूर टिपणांतलाच असतो. टिपणे एकदाच छापून टेबलावरच्या काचेखाली ठेवली, तर त्यांना ओटीपी लागत नाही.