लांब स्क्रीनशॉट : कुठल्या फोनवर सांधा दिसत नाही?

जत्रेच्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या की गोव्यातल्या गावागावांत संहितेचे प्रवेश व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरू लागतात. अख्खा प्रवेश एका मेसेजमध्ये येतो, मग कुणीतरी त्याचे बारा स्क्रीनशॉट काढून पुढे ढकलतो. त्यात क्रम उलटसुलट होतो आणि दोन संवाद कुठेतरी पडून राहतात. हे काम एका लांब स्क्रीनशॉटमध्ये, म्हणजे पान सरकवत एकसंध केलेल्या एकाच चित्रात होतं. ती सोय बहुतेक फोनवर आहे, पण प्रत्येकाची पद्धत वेगळी आणि दर्जाही वेगळा.

आमच्या मते रोजच्या वापराला सॅमसंग सगळ्यात भरवशाचा. २०१५च्या गॅलेक्सी नोट ५पासून ही सोय त्यांच्याकडे आहे. पॉवर आणि व्हॉल्यूम कमीचं बटण एकदम दाबून लगेच सोडायचं. खाली पट्टी येते, तिच्यावर खाली तोंड केलेल्या दोन बाणांचं चिन्ह असतं. एकदा टेकवलं की पान थोडं सरकतं, दाबून धरलं की सरकत राहतं आणि बोट उचललं की थांबतं. कुठे थांबायचं हे आपल्या बोटात असतं, म्हणून चित्र नको तेवढं लांबत नाही. पट्टीच येत नसेल तर सेटिंग्जमधल्या अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्समध्ये, स्क्रीनशॉटच्या विभागात ती बंद केलेली असते.

शाओमीवर तीन बोटं वरून खाली ओढली की कोपऱ्यात छोटं चित्र दिसतं. त्याच्याखालचं 'स्क्रोल' दाबलं की पान आपोआप धावू लागतं, 'डन' दाबेपर्यंत. काम झटपट होतं, पण लक्ष हटलं की हवं होतं त्याच्या दुप्पट लांब चित्र हाती येतं. पावसाळ्यात बोटं आणि काच ओली असली की तीन बोटांची खूण धड ओळखली जात नाही, कारण पाण्याचे थेंबही स्क्रीनला स्पर्शासारखेच वाटतात. तेव्हा काच पुसा किंवा सरळ बटणं वापरा.

पिक्सेलवर ही सोय २०२१च्या अँड्रॉइड १२बरोबर आली. 'कॅप्चर मोअर' दाबून कडा ओढायच्या. इथे फोन तुकडे चिकटवत बसत नाही, अ‍ॅपकडूनच पुढचा भाग रेखाटून घेतो. म्हणून सांधा जवळजवळ दिसतच नाही. मात्र ज्या अ‍ॅपने आपला पडदा स्वतःच्या पद्धतीने बांधलेला असतो, तिथे बटणच उगवत नाही. तो फोनचा बिघाड नव्हे.

आयफोनवर २०१९च्या आयओएस १३पासून 'फुल पेज' आहे. स्क्रीनशॉट काढून लगेच छोट्या चित्रावर टेकवायचं आणि वर 'फुल पेज' निवडायचं. सफारीतलं पान मिळतं तेही पीडीएफ म्हणून, आणि २०२३च्या आयओएस १७पासून फोटो म्हणूनही ठेवता येतं. पानं सुरेख निघतात, पण व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पांसाठी हा पर्याय येत नाही. तिथे साधे स्क्रीनशॉट काढून पिकस्यूसारख्या अ‍ॅपने जोडावे लागतात. प्रत्येक स्क्रीनशॉटमध्ये आधीच्याच्या निदान तीन-चार ओळी पुन्हा येऊ द्या, नाहीतर अ‍ॅपला जोड सापडत नाही. नाटक मंडळासाठी आयफोन म्हणून मागे पडतो.

आता व्हॉट्सअ‍ॅपचं, कारण चुका होतात त्या तिथेच. लांब मेसेज अर्धाच दिसतो आणि खाली 'रीड मोअर' असतं. ते आधी उघडा, नाहीतर स्क्रीनशॉट लांब आणि संवाद अर्धवट अशी गत होते. सुरुवात वरच्या मेसेजपासून करा, कारण बहुतेक फोन खालीच सरकतात. काम चालू असताना नवा मेसेज आला तर मजकूर हलून ओळ दोनदा छापली जाते किंवा मधून उडते. त्यासाठी तेवढा वेळ एअरप्लेन मोड लावा. तुकडे जोडणाऱ्या फोनवर नक्षीदार वॉलपेपरही घात करतो. मेसेज सरकतात, नक्षी जागच्या जागी राहते आणि जोडणाऱ्या प्रोग्रॅमला दोन्हींचा मेळ घालता येत नाही. चॅटचा वॉलपेपर सपाट एकरंगी करा, सांधे बरेच सुधारतात.

वेबपानांवर दोष वेगळे. वर चिकटून राहणारी पट्टी दर पडद्याला पुन्हा छापली जाते. चित्रांच्या जागी करड्या चौकटी येतात, कारण चित्रं तिथवर पोहोचल्यावरच उतरतात. आधी एकदा पान तळापर्यंत नेऊन वर या आणि मग सुरू करा. आडवं सरकणारं काहीही या सोयीत येत नाही, त्यामुळे गोव्यातल्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यासारखा रुंद तक्ता उजवीकडे कापला जातो. ब्राउझरमध्ये 'डेस्कटॉप साइट' लावून तक्ता पूर्ण मावतो का ते आधी बघा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये आणि क्रोमच्या इनकॉग्निटोमध्ये अँड्रॉइडवर साधा स्क्रीनशॉटसुद्धा निघत नाही. ती बंदी मुद्दाम ठेवलेली आहे, ती राहू द्या.

काढण्याइतकाच पाठवण्याचा भाग मोलाचा. समजा चित्र १०८० पिक्सेल रुंद आणि १६,००० पिक्सेल लांब आहे. व्हॉट्सअ‍ॅप साध्या फोटोची लांब बाजू सुमारे १६०० पिक्सेलवर आणतं, म्हणजे रुंदी उरते १०८. एवढ्यात देवनागरीचे अनुस्वार आणि रफार पहिले मरतात, मग मात्रा. 'मंद' आणि 'मद' यांतला फरक पुसला जातो. म्हणून पिनच्या चिन्हातून 'डॉक्युमेंट' निवडून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते. फार लांब करण्याचाही मोह नको. जेपीईजी प्रकारच्या चित्राची कमाल मर्यादा दर बाजूला ६५,५३५ पिक्सेल आहे, पण जुने फोन त्याच्या कितीतरी आधी चित्र उघडताना अडखळतात. दहा-बारा पडद्यांनंतर दुसरा स्क्रीनशॉट सुरू करावा.

फसवणुकीची तक्रार १९३० या सायबर हेल्पलाइनवर करायची असेल तर लांब स्क्रीनशॉट सोबत जरूर ठेवा, पण मूळ चॅट पुसू नका. न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात मूळ फोनची माहिती द्यावी लागते.

छापायला मात्र ही सोय वाईट. तेच १६,००० पिक्सेलचं चित्र झेरॉक्सच्या दुकानात एका ए-४ वर बसवलं तर २९७ मिलिमीटर उंचीला रुंदी जेमतेम २० मिलिमीटर येते, बसच्या तिकिटाहून अरुंद. वाचण्याजोगं हवं तर साधारण १५२७ पिक्सेलचा एक असे अकरा तुकडे कापावे लागतात. वेबपान असेल तर क्रोमच्या 'प्रिंट'मधून पीडीएफ करा. आणि संवाद पाठ करायचे असतील तर मेसेज दाबून धरून कॉपी करा, डॉक्युमेंटमध्ये चिकटवून अक्षर १६ पॉइंटचं करा आणि तेच छापा. तालमीच्या मंद बल्बखाली म्हाताऱ्या नटालाही ते वाचता येतं.