माझा म्हणून मिळालेला चषक

माझ्या वहीत त्या चषकाची उंची लिहिलेली होती: देठ जोडून झाल्यावर २१ सेंटिमीटर. भट्टीतून जो चषक माझ्या हातात आला तो पट्टी लावून मोजला तर २०.३ सेंटिमीटर भरला. त्या रात्री मी तीनदा मोजलं. चौथ्यांदा मोजायची गरज नव्हती, कारण तोवर मला कळलं होतं की हा चषक मी केलेलाच नाही.

हे सगळं लिहायला मला बरेच महिने लागले. पण कुंभाराच्या चाकावर देठाचे चषक शिकण्यासाठी कुणी आगाऊ पैसे भरायच्या बेतात असेल, तर त्याने हे आधी वाचावं असं मनापासून वाटतं.

मला चाकावर बसून दोन वर्षं झाली होती. वाट्या जमत होत्या, चहाचे मग जमत होते, झाकणाचं भांडं कसंबसं जमत होतं. ओढ होती ती देठाच्या चषकाची. चीनमधल्या लोंगशान संस्कृतीतल्या लोकांनी चार हजार वर्षांपूर्वी काळ्या मातीचे उंच देठाचे प्याले चाकावर केले, आणि त्यांची भिंत काही ठिकाणी एक मिलिमीटरहूनही पातळ आहे. त्यांची छायाचित्रं पाहिली तेव्हापासून ते डोक्यातून जात नव्हते. अशात एका ओळखीतून या सरांचं नाव कळलं. (अजूनही लिहिताना ‘सर’च येतं, राहू दे.) त्यांच्या कार्यशाळेत शिरताच समोरच्या फळीवर बारा चषक ओळीने उभे होते. सगळे सारख्या उंचीचे, सारख्या बाकाचे. “सगळे माझ्या हातचे, याच चाकावरचे,” सर म्हणाले. मी भारावून गेले. बारा चषक केसाइतकाही फरक न पडता सारखे कसे, हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता. चाकावर मुरलेला हात जवळजवळ सारखी भांडी काढतो हे खरं, पण देठाच्या निमुळत्या भागात थोडाफार फरक राहतोच.

फी पूर्ण आगाऊ, बारा तासिकांची. माती त्यांच्याकडूनच घ्यायची, ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) त्यांचंच, भाजणी त्यांच्याच भट्टीत, आणि ग्लेझ लावायचं कामही तेच करणार. पावती मागितली तर म्हणाले, आपण कलेची माणसं, कागद कशाला? आम्ही तिघी होतो, तिघींनी पैसे भरले.

पहिल्या चार तासिका वाट्यांमध्ये गेल्या. चषकाची वाटी म्हणजे तळ जाड ठेवलेली साधी वाटी. ती आम्हाला येतच होती. पाचव्या तासिकेला सरांनी एक वाटी काढून दाखवली आणि म्हणाले, आता ही सुकू दे, देठ पुढच्या वेळी. पुढच्या वेळी आलो तर देठ आधीच करून ठेवलेला. सर म्हणाले, तुमच्यासाठी वेळ वाचवला. त्या दिवशी त्यांनी जोड दाखवला, तोही आमच्याकडे पाठ करून, दोन मिनिटांत. बारा तासिकांत आम्ही त्यांना पूर्ण चषक सुरुवातीपासून शेवटपर्यंत करताना एकदाही पाहिलं नाही. तेव्हा हे जाणवलंच नाही, कारण प्रत्येक वेळी काहीतरी दाखवलं जात होतंच.

मातीबद्दलही सांगायला हवं. त्या मातीत मळताना हाताला मधूनच पांढरे, खडूसारखे कण लागायचे. मी विचारलं तर उत्तर आलं, मातीचं नैसर्गिक द्रव्य आहे. मी त्या मातीच्या काही छोट्या वाट्या केल्या होत्या, त्या भाजून घरी आणल्या. तीन आठवड्यांनी एका वाटीच्या कडेवरून नखाएवढी चकती आपोआप उडाली. खाली खळगा, आणि खळग्याच्या टोकाशी एक पांढरा कण. मग दुसऱ्या वाटीचंही तसंच झालं. मातीत मिसळलेला पीओपीचा कण असा वागतो: भाजल्यावर तो हवेतली ओल हळूहळू शोषतो, फुगतो आणि वरचं कवच उडवून देतो. कुणी पीओपीचे साचे वापरत असेल तर त्यांचे तुकडे उरलेल्या मातीत पडतात, आणि ती माती पुन्हा भिजवून मळली की कण तिच्यातच राहतात. म्हणजे नवी म्हणून आम्हाला विकलेली माती साच्यांच्या कामातली उरलीसुरली होती. पण ज्या कार्यशाळेत सगळं चाकावरच होतं, तिथे साचे कसले? हा प्रश्न मला फार उशिरा सुचला.

दहाव्या तासिकेला माझा चषक उभा राहिला. देठ किंचित जाड, वाटी एका बाजूला तिळभर कलती, पण तो माझा होता. पायाखाली नावाचं अक्षर कोरायला मी सुई उचलली तर सरांनी हात धरला. म्हणाले, पाया पातळ आहे, कोरलंस तर तडा जाईल. मी ऐकलं. हलकी खूण कोरल्याने पाया फुटत नाही. आणि कोरायचंच नसेल तर आयर्न ऑक्साइडने ब्रशने लिहिता येतं, ते भाजणीत टिकतं. एवढं मला ठाऊक असूनही मी ऐकलं.

तीन आठवड्यांनी चषक मिळाला. गडद निळं ग्लेझ, सरळसोट देठ. माझी कलती वाटी सरळ दिसत होती. “भट्टी सुधारते कधीकधी,” सर म्हणाले, आणि मला ते ऐकायला इतकं गोड वाटलं की मी विश्वास ठेवला. भट्टी कलतं सरळ करत नाही. उलट वर जड वाटी असलेला बारीक देठ चढत्या उष्णतेत मऊ पडून आणखी वाकतो. तो चषक घेऊन मी थेट आईकडे गेले. म्हटलं, आई, हा मी केला. तिने तो देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवला आणि आल्यागेल्याला दाखवू लागली.

सरांनी लगेच पुढच्या वर्गाची फी मागितली. ती मी भरणारही होते. पण आईकडे गेले असताना सहज वहीतल्या नोंदी पुऱ्या कराव्यात म्हणून तो चषक मोजला. माझी एक सवय आहे: नवी माती घेतली की तिची एक पट्टी करायची, ती अर्धवट सुकून चामड्यासारखी घट्ट झाली की तिच्यावर दहा सेंटिमीटरची रेघ मारायची आणि भाजून झाल्यावर ती रेघ मोजायची, म्हणजे माती किती आकसली ते कळतं. सरांच्या मातीची रेघ ग्लेझच्या भाजणीनंतर ९.१ सेंटिमीटर झाली होती. चषकाची उंचीही मी त्याच अवस्थेत घेतलेली. म्हणजे २१ चा चषक १९ च्या आसपास यायला हवा होता. हातातला २०.३ होता. ओलं मोजलं, सुकं मोजलं असा घोळही नव्हता.

मग मी तो उलटा केला आणि पोकळ देठात बोट घातलं. चाकावर माती वर ओढताना बोटांचे वळ उमटतात. बाहेरून ते घासून काढता येतात, पण देठाच्या आत सहसा कुणी घासत नाही. तिथे बोटाला काहीच लागलं नाही, काचेसारखं गुळगुळीत. विजेरी तिरकी धरून बाहेरून पाहिलं तर ग्लेझखाली देठावर समोरासमोर दोन उभ्या, अगदी पुसट रेघा दिसल्या. साच्याची दोन अर्धुकं जिथे मिटतात तिथल्या. पातळ रबडीसारखी माती पीओपीच्या साच्यात ओतून काढलेला चषक होता तो. असं काम करण्यात गैर काहीच नाही, त्यातही मोठं कसब आहे. गैर हे की तो माझा म्हणून मला दिला.

मी बाकीच्या दोघींना फोन केला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघींचे चषक एका टेबलावर ठेवले. तीन माणसांनी, तीन वेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मापाच्या गोळ्यांतून केलेले चषक. एक निळा, एक हिरवट, एक पांढरा. उंची तिन्हींची २०.३. आमच्यातली एकजण रडायला लागली. फी गेल्याचं दुःख तिला होतंच, पण तिने आपला चषक नवऱ्याच्या वाढदिवसाला दिला होता.

सरांकडे गेलो तेव्हा आधी ते म्हणाले, भट्टीत अदलाबदल झाली असेल. आमचे खरे चषक दाखवा म्हटलं तर म्हणाले, फुटले, तुमचेच हात कच्चे, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी हे दिले. पैसे परत मिळाले नाहीत. पावती नव्हती, आणि काय शिकवलं जाईल याचं एक ओळीचंही लेखी नव्हतं.

नंतर मी एका बाईंकडे गेले. आधी विचारलं, तुम्ही एक पूर्ण चषक माझ्यासमोर कराल का? त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी वाटी आणि देठ एकाच मातीतून, एकाच दिवशी काढले. देठ त्यांनी उलटा काढला, तुतारीसारखा: खाली निमुळता, वर पसरट, कारण ते पसरट तोंडच पुढे पाया होतं. गळा आवळला की भिंत जाड होते, म्हणून प्रत्येक आवळण्यानंतर त्या माती पुन्हा वर ओढत होत्या. मग दोन्ही भाग प्लास्टिकखाली ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी बोटाने दाबून दोन्हींचा घट्टपणा सारखा झाल्यावरच जोडायला घेतले. एक भाग ओला आणि दुसरा सुका असेल तर ते वेगवेगळे आकसतात आणि जोडाशी तडा जातो. मागे माझे दोन चषक जोडाशीच तुटले होते, आणि सर म्हणाले होते हाताचा दोष. वाटी चाकावर उपडी ठेवून मध्यावर आणली, जोडाची जागा दोन्हीकडे खरवडली, स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ माती, लावली, देठ बसवला. चाक हळू फिरवत पायाच्या कडेजवळ सुई स्थिर धरली, म्हणजे देठ कुठे डगमगतो ते दिसतं. हे करायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मी बारा तासिकांपेक्षा जास्त शिकले.

पैसे भरण्याआधी पूर्ण भांडं समोर करून दाखवायला सांगा, आणि “पुढच्या वेळी” हे उत्तर घेऊ नका. शिक्षकांच्या फळीवरचा चषक हातात घेऊन देठात बोट घाला. कुणाला राग आला तर येऊ दे. स्वतःची खूण स्वतः करा, भट्टीत जाण्याआधी फोटो काढा, उंची लिहून ठेवा. फुटलेलं भांडंही परत मागा. त्याचे तुकडे तुमचे आहेत, आणि जोड कुठे चुकला हे तेच सांगतात.

आईला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. तिने तो निळा चषक कोनाड्यातून काढला, कपाटात ठेवला आणि काहीच बोलली नाही. यंदा मी तिला दुसरा दिला, १७.८ सेंटिमीटरचा, देठ जरा जाड, वाटी डावीकडे कलती, पायाखाली माझं अक्षर. तिने तो आधी उलटा केला, देठात बोट घातलं आणि बराच वेळ आतून फिरवत राहिली.

“लागतायत,” ती म्हणाली.